जोड कोण लावणार?

प्रति,
मा. अध्यक्ष,
डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चारही जागतिक मुष्टियुद्ध संघटना

विषय: हेवीवेट विजेते एकमेकांशी लढण्याचे टाळतात, त्यातील आपल्या वाट्याबद्दल

सप्रेम नमस्कार विनंती विशेष,

मी लातूरचा एक निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. आमच्या भागात बॉक्सिंगचे रिंग शोधावे लागते, कुस्तीचा आखाडा मात्र शोधावा लागत नाही. तरीही गेल्या सात-आठ वर्षांत आमच्या दहा-बारा जणांच्या टोळक्याला हेवीवेटच्या लढती पाहण्याचा नाद लागला आहे. आपल्या मोठ्या लढती आमच्याकडे पहाटेच्या असतात. १९ मे २०२४ च्या पहाटे, म्हणजे रियाधमध्ये १८ तारखेची रात्र अजून सरलेली नसताना, टायसन फ्युरी आणि ओलेक्सांडर उसिक यांची लढत आम्ही एका मित्राच्या गच्चीवर, मोबाइल पाण्याच्या टाकीला टेकवून पाहिली. वीज गेलेली होती, वारा पडलेला होता आणि नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर झोकांड्या खाऊ लागला तेव्हा आम्ही केलेल्या आरडाओरड्याने शेजारचे घर जागे झाले. उसिक जिंकला. लेनॉक्स लुईसने १९९९ मध्ये जे साधले होते ते जवळपास पंचवीस वर्षांनी पुन्हा घडले: हेवीवेट गटाला एकच, निर्विवाद विजेता मिळाला. आम्ही टपरी उघडण्याची वाट पाहत बसलो आणि पहिला चहा उसिकच्या नावाने घेतला.

त्याला सहा आठवडे होतात न होतात तोच बातमी आली की उसिककडचा आयबीएफचा पट्टा, म्हणजे त्या संघटनेचे विजेतेपद, गेला. तो पट्टा कोणी ठोशाने काढून घेतला नव्हता. फ्युरीशी दुसरी लढत करण्याचा करार उसिकने आधीच केलेला होता आणि आयबीएफला मात्र आपण नेमलेल्या आव्हानवीराशी त्याची लढत आधी हवी होती, एवढेच कारण. तेव्हापासून आमच्या टपरीवर जे भांडण पेटले आहे ते अजून मिटलेले नाही, आणि ते मिटवण्यासाठी नव्हे, तर त्यात आपले नाव वारंवार निघते म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझा पुतण्या तालमीऐवजी जिममध्ये जाणाऱ्या पिढीचा आहे आणि त्याचे म्हणणे सरळ आहे: हे सगळे मनातून भितात. पुरावा म्हणून तो रिडिक बो याला उभा करतो. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत, त्या वेळी कॅनडाकडून खेळणाऱ्या लुईसने बो याला दुसऱ्याच फेरीत थांबवले होते. पुढे नोव्हेंबर १९९२ मध्ये बो याने इव्हॅन्डर होलिफिल्डला हरवून विजेतेपद मिळवले, डब्ल्यूबीसीने त्याच्यापुढे आव्हानवीर म्हणून नेमका लुईसलाच उभा केला, आणि डिसेंबरात लंडनमध्ये पत्रकारांच्या समोर बो याने त्या संघटनेचा पट्टा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. व्यावसायिक रिंगमध्ये त्या दोघांची गाठ पुढे कधीच पडली नाही. "ह्याला भेणं म्हणत नाहीत तर काय म्हणतात, काका?" असे पुतण्या विचारतो, आणि खरे सांगायचे तर पहिल्यांदा त्याने हे विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता मला वाटते की तो चुकतो. ज्या बो याने पट्टा डब्यात टाकला तोच बो होलिफिल्डशी तीन वेळा लढला आहे, आणि त्या तीन लढती ज्याने पाहिल्या आहेत तो बो याला भित्रा म्हणणार नाही. अँथनी जोशुआ आपल्या कारकिर्दीत जेमतेम अठरा लढती झालेल्या असताना, एप्रिल २०१७ मध्ये, वेम्बलीच्या नव्वद हजार लोकांसमोर व्लादिमिर क्लिच्कोच्या अंगावर गेला, खाली पडला, उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला. फ्युरीला डिऑन्टे वाइल्डरने डिसेंबर २०१८ मध्ये बाराव्या फेरीत असे आडवे केले होते की पंचाने मोजणे ही केवळ औपचारिकता वाटत होती. तो उठला, लढत बरोबरीत सुटली, आणि त्यानंतर तो त्याच वाइल्डरशी आणखी दोनदा लढला. अशा माणसांना भीती वाटत नसेल असे नाही, शंभर किलोच्या माणसाचा ठोसा डोक्यावर घेण्याची भीती न वाटणारा माणूस मूर्खच म्हणावा लागेल; पण भीती हे टाळाटाळीचे कारण असते तर हे लोक रिंगमध्ये उतरलेच नसते.

आमच्यातला दुसरा पक्ष एका आडत दुकानदार मित्राचा आहे. त्याच्या मते हा शुद्ध भावाचा खेळ आहे. लातूरच्या मोंढ्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला हे समजावून सांगावे लागत नाही: सोयाबीन घरात आले की शेतकरी विचार करतो, आज विकावे की अजून दोन महिने ठेवावे, भाव चढेल. कधी चढतो. बहुतेकदा माल ओलावा धरतो, पेंडीचा बाजार पडतो आणि ज्या भावाला नाक मुरडले होते त्याहून कमी भावात पोते रिकामे करावे लागते. जोशुआ आणि वाइल्डर यांचे नेमके हेच झाले. २०१८ मध्ये एकाकडे तीन पट्टे होते, दुसऱ्याकडे चौथा होता, दोघेही अपराजित होते, आणि वाइल्डरच्या बाजूने पाच कोटी डॉलरचा प्रस्तावही आलेला होता. दोन्हीकडच्या प्रमोटरांनी पत्रे लिहिली, वाहिन्या वेगवेगळ्या होत्या, तारीख जुळेना, आणि दोघांच्याही माणसांना वाटले की अजून एक वर्ष थांबले तर भाव दुप्पट होईल. जून २०१९ मध्ये, आधी ठरलेला प्रतिस्पर्धी उत्तेजक चाचणीत सापडल्यामुळे ऐनवेळी बोलावलेल्या अँडी रुईझने न्यूयॉर्कमध्ये जोशुआला चार वेळा खाली पाडून हरवले. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्युरीने वाइल्डरला सातव्या फेरीत संपवले. माल कुजला. ती लढत, जी एका काळी जगाने पहाटे उठून पाहिली असती, तिच्या ऐन भरात झालीच नाही.

लुईस आणि माइक टायसन यांचे प्रकरण याहून बोलके आहे. १९९६ मध्ये टायसनकडे डब्ल्यूबीसीचा पट्टा होता आणि लुईस त्याचा रीतसर आव्हानवीर होता. लढत होण्याऐवजी लुईसला बाजूला थांबण्यासाठी चाळीस लाख डॉलर मिळाले, टायसन ब्रूस सेल्डनशी लढला आणि नंतर त्याने डब्ल्यूबीसीचा पट्टाच सोडून दिला. न लढण्याबद्दल पैसे मिळणारा असा दुसरा खेळ मला ठाऊक नाही. (आमच्याकडे निवडणुकीत असे होते, पण तो विषय वेगळा.) दोघांची गाठ अखेर जून २००२ मध्ये मेम्फिसला पडली तेव्हा लुईस छत्तीसचा होता आणि टायसन छत्तीसला टेकलेला; आठव्या फेरीत टायसन पाठीवर पडला आणि लढत संपली. लोकांनी पैसे मोजले, पण पाहिले ते सहा वर्षे जुने सोयाबीन.

आडत्या मित्राचे हे म्हणणे मला पटते, पण अर्धेच. भाव चढेल म्हणून माल धरून ठेवणे हा व्यापाऱ्याचा स्वभाव आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही. प्रश्न असा आहे की बाजार समिती काय करते. हे आमच्या टपरीवर प्रथम बोलून दाखवले ते एका वस्तादांनी. ते वयाने सत्तरीच्या पुढचे आहेत, बॉक्सिंगला ते "गुद्द्याचा खेळ" म्हणतात, आणि आमचे सगळे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "पैलवान भेत नसतोय, सर. भेतोय तो पैलवानाचा हिशोब लिहिणारा. आन् हिशोब लिहिणाऱ्याच्या हाती कुस्ती दिली कुणी? जोड लावणारा कुठं गेलाय तुमचा?"

जोड लावणे म्हणजे काय, हे आपणास सांगणे भाग आहे, कारण माझे सगळे म्हणणे त्यावर उभे आहे. आमच्याकडे गावची यात्रा असली की शेवटच्या दिवशी कुस्त्यांचा फड असतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसारख्या मोठ्या यात्रेत तर तो पाहायला चार जिल्ह्यांतून लोक येतात. गाव वर्गणी गोळा करते, यात्रा कमिटी बसते, आणि मोठ्या पैलवानांच्या कुस्त्या आधीच नेमून त्यांचे पत्रक छापले जाते: अमुक तालमीचा अमुक विरुद्ध तमुक तालमीचा तमुक, इनाम इतके. पोरांच्या कुस्त्या नारळावर सुरू होतात, हलगी वाजत राहते, आणि नेमलेली जोड नसलेला पैलवान फेटेवाल्या पंचांसमोर उभा राहून जोड मागतो. पंच त्याचे वजन पाहतात, वय पाहतात, तो कोणत्या वस्तादाचा आहे हे विचारतात, आणि गर्दीतून दुसरा हात धरून आणतात. पसंत असेल तर हातात हात देतात. येथे महत्त्वाचे हे की जोड पैलवान ठरवत नाही, त्याचा वस्तादही एकटा ठरवत नाही; जोड लावण्याचा मान ज्याने मैदान भरवले त्याचा असतो, आणि पत्रकात नाव छापल्यावर जो येत नाही त्याला पुढल्या वर्षी कोणी बोलावत नाही. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हे आमच्या जिल्ह्याचे दैवत. महाराष्ट्र केसरी झालेल्या, रुस्तम-ए-हिंद झालेल्या या पैलवानाने सत्तरच्या दशकात बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपाल यांना चितपट केले. त्या दोघांनी एकमेकांना टाळले असते तर ते टाळणे अवघड होते असे नाही. दोघांचेही नाव झालेले होते. पण मैदानाने जोड मागितली आणि मैदानाला नाही म्हणण्याची सोय नव्हती.

आमचे मैदान सोवळे आहे असा माझा दावा नाही. नुरा कुस्त्या आमच्याकडेही होतात, दोन तालमी आतून ठरवून अर्धा तास खडाखडी करतात आणि पंच वैतागून कुस्ती बरोबरीत सोडवतात. आणि दोन-दोन विजेत्यांचे म्हणाल तर ज्या महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये आमच्याच औरंगाबादला झाली, तिचे नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन विजेते झाले: संघटनेत फूट पडल्यामुळे एक स्पर्धा पुण्याजवळच्या फुलगावला झाली आणि तिथे सिकंदर शेख जिंकला, दुसरी आमच्या धाराशिवला झाली आणि तिथे शिवराज राक्षे जिंकला. तेव्हा वस्ताद दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. परंतु दोन गदा पाहून आम्हाला लाज वाटली. आपल्याकडे चार पट्टे आहेत आणि ते चार असणे हीच रीत झाली आहे.

आपल्यातील सर्वांत जुनी संघटना १९२१ साली अमेरिकेत दुसऱ्या नावाने निघाली आणि १९६२ मध्ये तिने डब्ल्यूबीए हे नाव घेतले. १९६३ मध्ये डब्ल्यूबीसी आली, १९८३ मध्ये आयबीएफ, १९८८ मध्ये डब्ल्यूबीओ. प्रत्येक संघटना आपल्या पट्ट्याच्या लढतीत बॉक्सरच्या मानधनातून साधारण तीन टक्क्यांच्या आसपास शुल्क घेते. यात चोरी काहीच नाही, संघटना चालवायला पैसा लागतो. पण हिशोब मांडून पाहा: चार विजेते असतील तर वर्षभरात चार ठिकाणी पट्ट्यांच्या लढती होतात आणि शुल्क येत राहते, विजेता एकच असेल तर तोच एक माणूस वर्षातून दोनदा लढणार, आणि चौघांना त्याच्याच ताटातून घास घ्यावा लागणार. त्या विजेत्याच्या बाजूने पाहिले तर गंमत अशी की एक पट्टा सांभाळणाऱ्यापेक्षा चार पट्टे सांभाळणाऱ्याला शुल्कही जास्त आणि डोक्यावर आव्हानवीरही चार. म्हणजे ज्याने सगळ्यांना हरवण्याचे धाडस केले त्यालाच दंड.

हा दंड कल्पनेतला नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये लुईसने होलिफिल्डला हरवून त्या वेळी मोठे मानले जाणारे तीनही पट्टे एकत्र आणले. एप्रिल २००० मध्ये, डब्ल्यूबीएचा आव्हानवीर जॉन रुईझ याच्याऐवजी मायकेल ग्रँटशी लढायचे ठरवले म्हणून त्याचा डब्ल्यूबीएचा पट्टा गेला. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्युरीने जर्मनीत जाऊन क्लिच्कोची दशकभराची सद्दी मोडली. दोन आठवडेही झाले नसतील तोच आयबीएफने पट्टा काढून घेतला, कारण करारात क्लिच्कोला परतीची लढत दिलेली होती आणि संघटनेला आपला आव्हानवीर ग्लाझकोव्ह याच्याशी लढत हवी होती. जून २०२४ मध्ये उसिक. या तिन्ही वेळी कोणी मोठी जोड स्वतःहून लावून दाखवली आणि पुढच्या काही दिवसांत किंवा महिन्यांत आपल्यापैकी कोणीतरी त्याचा पट्टा काढून घेतला आहे, कधी तर सरळ दुसऱ्याच्या हातात दिला आहे.

आणि हातात दिला, हे शब्दशः खरे आहे. १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सने मुहम्मद अलीला हरवले, अलीला परतीची लढत द्यायचे कबूल केले, म्हणून डब्ल्यूबीसीने त्याचा पट्टा काढून केन नॉर्टनला दिला. तो पट्टा नॉर्टन त्याच वर्षी जूनमध्ये लॅरी होम्सकडे हरला. जागतिक विजेतेपदाची एकही लढत न जिंकता नॉर्टन विजेत्यांच्या यादीत आहे. बो याने डब्यात टाकलेला पट्टा लुईसला असाच, रिंगबाहेर मिळाला. उसिककडून गेलेला पट्टा डॅनियल डुबुआला असाच मिळाला. डुबुआने पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये वेम्बलीवर जोशुआला धूळ चारून आपली लायकी दाखवली, हे मान्यच करायला हवे. पण जुलै २०२५ मध्ये उसिकने त्याच वेम्बलीवर पाचव्या फेरीत त्याला हरवले तेव्हा उसिकला तोच डोंगर दुसऱ्यांदा चढावा लागला होता, जो त्याने एकदा चढून ठेवलेला होता.

अनिवार्य आव्हानवीराचा नियम, म्हणजे संघटनेने नेमलेल्या आव्हानवीराशी विजेत्याने लढलेच पाहिजे हा नियम, वाईट आहे असे मी म्हणत नाही. उलट तो नियम नसता तर काय होते हे या खेळाच्या इतिहासाने फार विद्रूप रीतीने दाखवले आहे. जॉन एल. सलिव्हन कृष्णवर्णीय आव्हानवीरांशी लढणार नाही असे उघड सांगत असे आणि ते खपून जात असे. जॅक डेम्प्सीच्या काळात हॅरी विल्स वर्षानुवर्षे दारात उभा राहिला, करारापर्यंत गोष्टी गेल्या, लढत झाली नाही. इतकेच काय, १९०८ मध्ये सिडनीला टॉमी बर्न्सला हरवून पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झालेल्या जॅक जॉन्सननेही विजेता झाल्यावर सॅम लँगफर्डला पुन्हा संधी दिली नाही. गोऱ्या आव्हानवीरांशी लढण्यात पैसा जास्त होता. हे मी मराठवाड्यातून लिहितो आहे, जिथे कोणत्या विहिरीवर कोणी पाणी भरायचे हेही एका काळी ठरवून दिलेले होते. तेव्हा दार बंद करून ठेवण्याचा अर्थ मला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. ज्याला कोणी जोड देत नाही त्याला जोड मिळवून देणे, यासाठीच तो नियम हवा. पण दोन विजेत्यांची लढत अडवण्यासाठी तो वापरला जातो तेव्हा तो आपल्या मूळ कामाच्या उलट चालतो. २०१८ च्या उन्हाळ्यात जोशुआ-वाइल्डर बोलणी चालू असतानाच डब्ल्यूबीएने आपला आव्हानवीर पोव्हेत्किन याच्याशी लढत ठरवण्याचा तगादा लावला होता, आणि जोशुआची पुढची लढत पोव्हेत्किनशीच झाली.

टाळाटाळीचे एकच उदाहरण आमच्या टपरीवर सर्वांना मान्य आहे. व्हिटाली आणि व्लादिमिर क्लिच्को या दोन भावांकडे २०११ पासून दोन-अडीच वर्षे मिळून चारही पट्टे होते आणि ते एकमेकांशी लढले नाहीत, कारण त्यांनी आईला तसा शब्द दिला होता. यावर पुतण्याही गप्प बसतो. सत्तरच्या दशकातले जो फ्रेझर आणि नॉर्टन हेही कधी लढले नाहीत, कारण दोघे एडी फच या एकाच वस्तादाचे पठ्ठे होते. एका तालमीचे दोन पैलवान फडात समोरासमोर येत नाहीत, हे आमच्याकडे पोरालाही कळते.

बाकीच्यांनी मात्र त्या काळात एकमेकांना सोडले नाही. मार्च १९७१ मध्ये अली आणि फ्रेझर दोघेही अपराजित असताना, प्रत्येकी पंचवीस लाख डॉलर घेऊन, न्यूयॉर्कमध्ये भिडले, अली हरला. पुढे १९७३ मध्ये तो नॉर्टनकडेही हरला, आणि तरीही ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात त्याने तेव्हाचा विजेता जॉर्ज फोरमन याला आठव्या फेरीत खाली पाडले. हरल्यामुळे त्याचे मोल कमी झाले नाही. आज एक हार झाली की आम्हीच, म्हणजे प्रेक्षकच, त्या बॉक्सरला मोडीत काढतो; रॉकी मार्सियानोच्या ४९ विजय आणि शून्य पराभव या आकड्याची पूजा करता करता आम्ही प्रत्येकाकडून ते शून्य मागू लागलो आहोत, आणि मग ते शून्य सांभाळण्यासाठी त्याने सोपे प्रतिस्पर्धी निवडले की आम्हीच त्याला भित्रा म्हणतो. लुईस कारकिर्दीत दोन जणांकडून हरला, मॅकॉलकडून १९९४ मध्ये आणि रहमानकडून २००१ मध्ये, आणि दोघांनाही परत गाठून त्याने हरवले. हे मी पुतण्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "पण त्याच्या नावापुढं दोन तर आहेतच की." एवढा दोष आमचा आहे, तो आम्ही पदरात घेतो.

जोड लावण्याचे साधन आपल्याकडे नाही असेही नाही. अनिवार्य लढतीत दोन्ही बाजूंचे जमले नाही तर आपण बंद पाकिटातून बोली मागवता आणि सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला ती लढत भरवण्याचा हक्क देता. जानेवारी २०२२ मध्ये फ्युरी आणि आव्हानवीर डिलियन व्हाइट यांच्या लढतीसाठी प्रमोटर फ्रँक वॉरन यांची चार कोटी दहा लाख डॉलरची बोली लागली आणि एप्रिलमध्ये वेम्बलीवर लढत झालीसुद्धा. जेमतेम तीन महिने. त्याच फ्युरीची जोशुआशी लढत सौदी अरेबियात ऑगस्ट २०२१ मध्ये होणार असे जाहीर झाले होते, आणि ती दुसऱ्याच दिवशी मोडली, कारण वाइल्डरशी तिसरी लढत करण्याचा करार बंधनकारक आहे असा निर्णय लवादाने दिला. विजेता आणि आव्हानवीर यांच्यासाठी पाकीट आहे. विजेता आणि विजेता यांच्यासाठी मात्र वकील आहेत.

त्याच उन्हाळ्यात, १ ऑगस्ट २०२१ रोजी, टोकियो ऑलिंपिकमध्ये बुलंदशहरचा आमचा सतीश कुमार चेहऱ्यावर तेरा टाके घेऊन उझबेकिस्तानच्या बाखोदिर जलोलोव्हसमोर उभा राहिला आणि ०-५ ने हरला. त्याला कोणी विचारले नव्हते की तुला हा प्रतिस्पर्धी परवडतो का. सोडतीत नाव निघाले, तो उतरला. व्यावसायिक खेळ सोडतीवर चालू शकत नाही हे मला कळते. परंतु सोडत आणि मनमानी यांच्या मध्ये यात्रा कमिटी नावाची एक गोष्ट असते.

सध्या ती कमिटी रियाधमध्ये बसते, हे आपणही जाणता. गेल्या काही वर्षांत ज्या लढती होणार नाहीत असे सगळे म्हणत होते त्या सौदीच्या मनोरंजन प्राधिकरणाचे प्रमुख तुर्की अल-शेख यांनी पैसा ओतून घडवून आणल्या. आमच्यातले काही जण त्यांना दुवा देतात, मीही त्या मे महिन्याच्या पहाटे दिली. किन्शासातल्या अली-फोरमन लढतीसाठी तिथला हुकूमशहा मोबुतू याने प्रत्येकी पन्नास लाख डॉलर मोजले होते, तेव्हाही जोड लावायला राज्यकर्त्याची थैलीच लागली होती. पण ज्याच्या थैलीने फड भरतो त्याचे मन दुसऱ्या खेळात रमले की फड मोडतो. वर्गणीतून भरणारे मैदान दुष्काळातही, इनाम कमी करून का होईना, भरते. १९७२ च्या दुष्काळातल्या फडांच्या आठवणी वस्ताद अजून सांगतात. जे काम नियमाने व्हायचे ते एका माणसाच्या मर्जीने होते आहे आणि नियम ज्यांच्या हाती आहे ते आपण चौघे त्या मर्जीच्या मागे शुल्काची पावती घेऊन उभे आहात, हे दृश्य आपल्याला शोभणारे नाही. कठोर लिहिले असेल तर क्षमा असावी, पण शब्द बदलत नाही.

मागणे मोठे नाही. दोन संघटनांचे विजेते एकमेकांशी लढले तर ती लढत त्या दोन्ही संघटनांची अनिवार्य लढत मानावी, आणि जिंकणाऱ्याला पुढील एक वर्ष कोणीही पट्टा काढण्याची नोटीस देऊ नये, करारात परतीची लढत असेल तर ती होईपर्यंत. आव्हानवीरांचा क्रम चौघांनी एकत्र बसून लावावा आणि तो वर्षाच्या सुरुवातीला छापावा, जसे आमचे पत्रक छापतात. आपसांत पाळी ठरवण्याची रीत आपल्याकडे आहे, पण एकाने ती ताणली की विजेत्याचा बळी जातो. विजेत्या-विजेत्याच्या लढतीसाठीही बंद पाकिटाची बोली खुली करावी. आणि ज्या लढतीत चारही पट्टे पणाला आहेत तिचे शुल्क एकदाच घेऊन चौघांनी वाटून घ्यावे. ही शेवटची सूचना आडत्या मित्राची आहे. त्याच्या मते आपण बाकी सगळे मान्य कराल आणि ही एक नाही. तात्पुरत्या, हंगामी आणि उपविजेत्यांच्या पट्ट्यांबद्दल मी येथे लिहीत नाही, कारण त्यावर वस्तादांनी जे मत दिले ते छापण्यासारखे नव्हते.

उत्तर पाठवण्याची इच्छा झाल्यास ते इंग्रजीत असले तरी चालेल. टपरीवर मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम पुतण्याने अंगावर घेतले आहे, आणि विजेते भित्रे नसतात हे मान्य करायला तो फक्त तेवढ्यासाठी थांबला आहे, असे त्याचे म्हणणे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
लातूर